‘देशच नाही तर कायदा कसला?’ या फॉरवर्डबद्दल थोडं

पॅलेस्टाईन हा देशच नव्हता, म्हणून तिथं इस्रायली सैनिकाने गोळी घातली तरी जिनिव्हा करार (युद्धात सापडलेल्या माणसांना संरक्षण देणारे आंतरराष्ट्रीय नियम) लागू होत नाही आणि जाब कुणालाच विचारता येत नाही, असा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. ऐकायला लॉजिकल वाटतं, मलाही वाटलं होतं.

पण १९४९ चा चौथा जिनिव्हा करार उघडून कलम ४ बघा. संरक्षण कुणाला, तर ज्या सत्तेच्या ताब्यात माणूस सापडलाय त्या सत्तेचा तो नागरिक नसेल तर त्याला. म्हणजे प्रश्न माणसाचा आहे, त्याचा देश कुठला हा नाही. आता कलम २, दोन सदस्य देशांत युद्ध झालं की करार लागू. इस्रायल आणि जॉर्डन दोघंही १९५१ पासून सदस्य, आणि वेस्ट बँक, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा पॅलेस्टिनी भाग, १९६७ च्या युद्धात जॉर्डनकडून इस्रायलच्या ताब्यात गेला. करार तिथं लागू होतो असं इस्रायल सरकार मानत नाही हेही खरं, पण जगातल्या बहुतेक देशांनी तो युक्तिवाद स्वीकारलेला नाही.

बरं, प्रत्येक गोळीबार गुन्हा ठरतो असंही नाही हं, समोरून गोळ्या येत असतील तर गोष्ट वेगळी. पण संरक्षित माणसाला जाणूनबुजून मारणं हा कलम १४७ प्रमाणे कराराचा गंभीर भंग, आणि कलम १४६ म्हणतं की आरोपी कुठल्याही देशाचा असो, त्याला शोधून कोर्टापुढे आणा. आपल्याकडे भारतात यासाठी १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे, कलम ३ वाचा, ‘भारतात किंवा भारताबाहेर’ असं स्पष्ट लिहिलंय. फक्त तक्रार सरकारनेच करावी लागते, आणि गाडी अडते ती तिथंच.