आकारिक आणि संकलित: दोघींचंही उत्तर ३५

निकालाच्या दिवशी पालक प्रगतिपुस्तकातल्या दोन रकान्यांवर बोट ठेवतात आणि विचारतात, "बाई, हे आकारिक म्हणजे नक्की काय?" पुण्यात ‘आकारणी’ म्हटलं की महापालिकेचं मिळकतकराचं बिलच डोळ्यांपुढे येतं, तेव्हा शंका रास्त आहे. आम्हीही घाईत सांगून मोकळ्या होतो, "आकारिक म्हणजे छोट्या चाचण्या, संकलित म्हणजे सत्राची मोठी परीक्षा." मी कित्येक वर्षं हेच सांगत आले, आणि ते चूक आहे.

चाचणी लहान की मोठी, लेखी की तोंडी, यावर काहीच ठरत नाही. मुलाच्या उत्तराचं पुढे काय करणार, यावर ठरतं. सत्र संपल्यावर किती जमलं त्याची नोंद करायची, ते संकलित. शिकणं चालू असतानाच उत्तर पाहून उद्याचा तास बदलायचा, ते आकारिक. म्हणजे आकार देणारं.

तिसरीच्या वर्गात एकदा ५२ − २७ दिलं. दोन मुलींनी ३५ लिहिलं. संकलितात दोघींना शून्य, विषय संपला. मी दोघींना वही घेऊन जवळ बोलावलं आणि म्हटलं, "कसं केलंस, बोलून दाखव." पहिली म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले." राहिले पाच. मग पाचातून दोन गेले, तीन. दुसरीने दशक सुटा करून बारातून सात अगदी नीट काढले होते. फक्त वरच्या पाचावर काट मारून चार करायचे राहिले. उत्तर तेच, ३५.

पहिलीला दशक सुटा करता येतो हेच उमगलेलं नव्हतं. तिच्यासमोर दहा काड्यांचा गठ्ठा सोडायला हवा होता. दुसरीला गठ्ठा कळला होता, काट मारायची सवय नव्हती. दोघींना शेजारी बसवून ‘हातच्याची वजाबाकी, पुन्हा एकदा’ घेतली असती, तर एक कंटाळली असती आणि दुसरी होती तिथेच राहिली असती.

यात माझीही चूक होती. गणितच वाईट निवडलं होतं. एकक स्थानच्या अंकांत पाचाचा फरक असला, की या दोन्ही चुका एकाच उत्तरावर येऊन थांबतात. ५३ − २७ दिलं असतं तर बरोबर उत्तर २६, पहिलीचं ३४ आणि दुसरीचं ३६ आलं असतं. वही उघडताच कोण कुठे अडलंय ते दिसलं असतं. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला बोलतं करायला वेळ कुठला? नीट निवडलेलं गणित ते काम बरंचसं करतं.

आकारिक-संकलित हा भेद मूळचा मुलांसाठी नव्हताच. १९६७ मध्ये मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी तो अभ्यासक्रमांच्या तपासणीसाठी मांडला. विद्यार्थ्यांच्या शिकण्याला तो लावला शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यापाठोपाठ २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि भारांश, म्हणजे शंभरातले वाटे, ठरले: पहिली-दुसरीच्या वर्गांना आकारिक ७०, संकलित ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०. हेतू चांगला होता. पण आकारिकाला गुण जोडले आणि तीही एक परीक्षाच झाली. चुकलं तर गुण जातात हे कळलेलं मूल चूक दाखवत नाही, खोडरबर काढतं. आणि सत्राच्या शेवटी ‘दैनंदिन निरीक्षणा’चे रकाने एका बैठकीत भरणाऱ्या बाई मी पाहिल्या आहेत. (त्यांत मीही होते.)

पायाभूत चाचणीचंही तसंच. मागच्या इयत्तेतलं किती टिकलंय ते पाहून शिकवायला सुरुवात करावी, म्हणून ती. पण शासनाच्या चॅटबॉटवर गुण भरून पेपर कपाटात गेले, तर ती संकलितच झाली. उलट, तिसरीच्या वार्षिकचे पेपर जूनमध्ये चौथीच्या बाईंनी चाळले, तर तेच त्यांच्यासाठी आकारिक.

त्या दोघींना आठ दिवसांनी मी ५३ − २७ दिलं. मधल्या दिवसांत पहिलीने मधल्या सुट्टीआधीची दहा मिनिटं काड्या मोजण्यात घालवली होती. दुसरीचं उत्तर २६ आलं. पहिलीने लिहिलं ३६. गुण द्यायचे तर पुन्हा शून्यच. पण ३४ नव्हे, ३६! तिने गठ्ठा सोडला होता, आता फक्त काट मारायची राहिली होती. नोंदवहीत तिच्या नावापुढे त्या दिवशी मी लिहिलं: ‘दशक सुटा करते.’