शैक्षणिक सल्लागार

शैक्षणिक सल्लागार : विषयांची निवड, श्रेयांकांचा (क्रेडिटचा) हिशेब आणि पदवी वेळेत पूर्ण करण्याचे नियोजन यांबाबत महाविद्यालयीन विद्यार्थ्याला मार्गदर्शन करणारा प्राध्यापक किंवा पूर्णवेळ कर्मचारी. मानसिक अडचणी हाताळणारा समुपदेशक वेगळा. पण घरची ओढाताण वा आजारपण पुष्कळदा आधी गुणपत्रिकेत उमटते आणि ती सल्लागारासमोर असते. त्यामुळे विद्यार्थ्याची अडचण सर्वांत आधी सल्लागाराच्याच लक्षात येण्याची शक्यता असते.

ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकेत वाढली. सर्वांना एकच ठरीव अभ्यासक्रम असे, तोवर तिची निकड नव्हती. चार्ल्स विल्यम एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले. त्यांनी ऐच्छिक विषयांची पद्धत विस्तारली आणि निवडीबरोबर गोंधळही वाढला. हार्वर्डने १८८९ मध्ये प्रथम वर्षासाठी सल्लागार मंडळ नेमले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक-सल्लागार त्याआधीच होते. पुढे १९७२ मध्ये बर्न्स क्रुकस्टन आणि टेरी ओबॅनियन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे लेख लिहून या कामाची व्याप्ती बदलली. ओबॅनियन यांच्या मांडणीत आयुष्याची उद्दिष्टे आधी येतात, मग व्यवसायाची दिशा, त्यानंतर अभ्यासक्रम आणि विषय. वेळापत्रक सर्वांत शेवटी. हा क्रम आजही योग्य वाटतो, पण गर्दीच्या कार्यालयात तो नेमका उलटा होतो : वेळापत्रकावर सही झाली की भेट संपते.

चांगला सल्लागार पुढची सत्रे आधी पाहतो. समजा, अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने पहिल्या सत्रात कलनशास्त्र घेतले नाही. दुसऱ्या सत्रातील भौतिकशास्त्राला ते आधी पूर्ण असावे लागते, त्या भौतिकशास्त्रावर तिसऱ्या सत्रातील स्थितिकी अवलंबून असते आणि हे विषय वर्षातून एकदाच शिकवले जात असतील तर सारे वर्ष पुढे ढकलले जाते. विषय सोडण्याचेही तसेच. नापास होण्याच्या भीतीने एक विषय सोडला की श्रेयांक पूर्णवेळ नोंदणीच्या मर्यादेखाली जाऊ शकतात आणि शिष्यवृत्ती धोक्यात येते. विद्यार्थ्याला हे सहसा मुदत उलटल्यावर कळते.

म्हणून विद्यार्थी येण्याची वाट न पाहता त्याला स्वतःहून बोलावण्याची रीत महत्त्वाची ठरली. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘एसॅप’ उपक्रमात सल्लागाराकडे मोजकेच विद्यार्थी असतात आणि भेटी सक्तीच्या असतात. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या दोन गटांच्या अभ्यासात, या उपक्रमातील सुमारे ४० टक्के विद्यार्थ्यांनी तीन वर्षांत पदवी मिळवली; इतरांत हे प्रमाण २२ टक्के होते. याचे सारे श्रेय सल्लागारांचे नाही, कारण शुल्क, पुस्तके आणि प्रवास यांसाठीही मदत मिळत होती. जॉर्जिया स्टेट विद्यापीठ २०१२ पासून गुण आणि नोंदणीच्या माहितीवरून धोक्याचे इशारे काढते. त्यासाठी तेथे सल्लागारांची संख्याही वाढवावी लागली, कारण इशारा आल्यावर विद्यार्थ्याशी बोलायला माणूस हवाच.

अंतिम निर्णय विद्यार्थ्याचाच असतो. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यानुसार महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवर त्याचा स्वतःचा हक्क असतो. काही अपवाद वगळता सल्लागार त्या नोंदी पालकांनाही परस्पर दाखवू शकत नाही.