झेंगझोऊ आणि चिपळूण : एकाच आठवड्यातले दोन पूर

२० जुलै २०२१ च्या संध्याकाळी चीनमधल्या झेंगझोऊ शहरावर एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस कोसळला. भुयारी रेल्वेत पाणी शिरून १४ प्रवासी दगावले. दोनच दिवसांनी वाशिष्ठी नदीने कोकणातल्या चिपळूणची बाजारपेठ बुडवली. ‘चीनने बघा कशी झपाट्याने शहरं उभी केली, आपण मागेच राहिलो’ हा वाद कोकणात रखडलेल्या महामार्गाच्या कडेला हमखास रंगतो. माझ्या मते त्या वादाचा निकाल जमिनीत किती पाणी मुरतं यावर लावायला हवा.

आपला सडा, म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं सपाट पठार, पाणी पितो. लाखो वर्षं पाऊस खाऊन बेसॉल्टमधली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली आणि भोकाभोकांचा जांभा तयार झाला. त्यातून झिरपलेलं पाणी खालच्या चिकणमातीवर अडतं, आडवं सरकतं आणि सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतं. कितीतरी वाड्यांच्या विहिरी पावसाळ्यानंतर याच पाण्यावर टिकतात. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. सडा सपाट करून काँक्रीट ओतलं, की त्यातलं बहुतेक पाणी मुरण्याऐवजी लगोलग वहाळात उतरतं. मग पूर लवकर येतो आणि उंचही चढतो. उन्हाळ्यात विहीर आटते ती वेगळीच.

चीनला हे उमगलं, पण निम्मं बांधून झाल्यावर. २०१५ मध्ये तिथे ‘स्पंज शहरां’चं धोरण जाहीर झालं : पाझरणारे रस्ते, पाणथळ बागा, आणि ७० टक्के पाऊस जागच्या जागी मुरवण्याचं किंवा वापरण्याचं उद्दिष्ट. झेंगझोऊनेही ही कामं हाती घेतली होती. तरी ते बुडालं, कारण अशा रचना नेहमीच्या पावसासाठी आखलेल्या असतात. तासाला २०० मिलिमीटर त्यांच्या आवाक्याबाहेरचं. जुलैअखेर आपला जांभाही भिजून गच्च झालेला असतो. त्या दिवसांत नदीला पसरायला मोकळी जागा लागते, दुसरा उपाय नाही.

वाशिष्ठीला ती जागा उरलेली नाही. वरून घाटातला पाऊस आणि कोयनेचं अवजल (वीज तयार करून सोडलेलं पाणी), समोरून दाभोळ खाडीतली भरती, तळाला गाळ, काठाला भराव. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखली, की बांधकामं अडतात म्हणून विरोध होतो. ज्याचं घर किंवा प्लॉट रेषेच्या आत येतो त्याची धास्ती मला समजते. त्याला भरपाई आणि पर्यायी जागा मिळालीच पाहिजे. पण रेषा मागे सरकवल्याने पाणी मागे हटत नाही.

चीनची एक गोष्ट मात्र मला मुळीच नको. झेंगझोऊत १३९ मृत आणि बेपत्ता माणसांची माहिती स्थानिक अधिकाऱ्यांनी दडवली, असं पुढे तिथल्याच सरकारी चौकशीत निघालं. आपल्याकडे मोठ्या प्रकल्पांच्या जनसुनावणीत गावकरी उभा राहून प्रश्न विचारू शकतो. त्या सुनावणीत विचारायचं ते नेमकं हेच : या सड्यावर आज किती पाणी मुरतं, बांधकामानंतर किती मुरेल, आणि उरलेलं कुणाच्या अंगणातून जाईल?