अडीच लाख डॉलर की दहा लाख? विमानाआधीचा रस्ता आणि विमानानंतरचा

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतून वर्षाकाठी एखाददुसरं कुटुंब तरी कायमचं परदेशी निघतं. मी बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, त्यामुळे निघण्याआधी मंडळी चहाला येतात. परवा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा आला. कॅनडाचं नक्की झालंय. "काकू, वर्षाला दहा लाख डॉलर नेता येतात ना? मग बँकवाला अडीच लाखच का म्हणतोय?"

बँकवाला बरोबर होता आणि हाही. फक्त दोघं वेगवेगळ्या नियमांबद्दल बोलत होते.

अडीच लाखांचा नियम म्हणजे एलआरएस, रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवायची योजना. २००४ साली २५,००० डॉलरपासून सुरू झालेली ही सवलत २०१५ पासून २,५०,००० वर आहे. माणशी, आर्थिक वर्षाला. पण ती फक्त भारतात राहणाऱ्यांसाठी, बँकेच्या भाषेत 'निवासी' माणसासाठी. दहा लाखांचा नियम नेमका उलटा: तो अनिवासी झालेल्यांसाठी, त्यांच्या एनआरओ खात्यातल्या, म्हणजे अनिवासी माणसाच्या भारतातल्या रुपया खात्यातल्या पैशांसाठी. डॉलर ९० रुपये धरला तर एकीकडे सव्वादोन कोटी, दुसरीकडे नऊ कोटी. आपल्यासारख्यांना दोन्ही मर्यादा पुरून उरतात, म्हणून आकड्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही. तुम्ही कोणत्या तारखेला कोण आहात, ते आधी बघायचं.

नोकरीसाठी किंवा कायमचं राहायला म्हणून देश सोडला की फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याने तुम्ही त्या दिवसापासूनच अनिवासी. इथे लोक हमखास घोटाळा करतात, कारण 'वर्षात १८२ दिवस इथे राहिलो की निवासी' हा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. तो आयकराचा. खात्याला तो लागू नाही. साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं, आणि एलआरएसचं दार तिथे बंद होतं. माझा एक ग्राहक तिकडे गेल्यावरही जुनं खातं तसंच वापरत राहिला. नेटबँकिंगवरून दोनदा एलआरएसचा अर्ज भरून पैसेही मागवले. अर्ज निवासी माणसाचा आणि भरणारा मेलबर्नमध्ये! पुढे ते सगळं निस्तरताना त्याच्या इथल्या म्हाताऱ्या वडिलांना किती खेटे घालावे लागले, ते मी पाहिलंय.

आता सोय-गैरसोय. एलआरएसला कागद कमी: पॅन, परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म, झालं. फक्त खातं नवंकोरं असेल तर बँक जास्त चौकशी करते. दुखणं आहे टीसीएसचं, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतल्या जाणाऱ्या कराचं. परदेशात बचत हलवायची म्हटलं, तर आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर जे जाईल त्यावर २० टक्के बँक कापून सरकारजमा करते. ६० लाख पाठवायचे असतील तर ५० लाखांवर १० लाख, म्हणजे खात्यात ७० लाख हवेत. हे पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरलं की करात वळते होतात किंवा परत मिळतात. पण नव्या देशात घराची अनामत भरायची असते तेव्हाच १० लाख इथे अडकून पडतात, हे मला तरी पटत नाही.

एनआरओच्या रस्त्यावर टीसीएस नाही. तिथे कागद आहेत. पैसा कुठून आला त्याचे पुरावे, आयकर पोर्टलवरचा फॉर्म, सीएचा दाखला. ज्याला सगळे १५सीए-१५सीबी म्हणतात ते. शिवाय त्या खात्यातल्या व्याजावर ३० टक्के टीडीएस आणि वर सेस. भाडं, पेन्शन, लाभांश हे चालू उत्पन्न मात्र कर भरून कितीही नेता येतं, ते दहा लाखांत धरत नाहीत. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

माझ्या मते खरा फरक पैसे पाठवताना पडत नाही, फ्लॅट विकताना पडतो. आयकराच्या हिशोबाने निवासी असताना ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीला विकला तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. अनिवासी झाल्यावर विकला तर भांडवली नफ्याच्या दराने कापावा लागतो, आणि कमी कपातीचा दाखला आधी काढलेला नसेल तर घाबरलेला खरेदीदार पूर्ण किमतीवरच कापून मोकळा होतो. जुनं घर असेल तर आणखी एक: २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्के की त्याशिवाय साडेबारा टक्के, ही निवड फक्त निवासी माणसाला आहे. वडिलांनी नव्वदच्या दशकात घेतलेला कोथरूडचा टू बीएचके विकायचाच असेल, तर तो विमानात बसण्याआधी, आणि आयकराच्या हिशोबाने तुम्ही निवासी असाल त्याच आर्थिक वर्षात विका.

पीपीएफला हात लावू नका. मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतो, फक्त पुढे वाढवता येत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्याचं तिकीट १२ एप्रिलचं निघालं. मी कॅलेंडरच काढलं. दोघं नवरा-बायको कमावते, दोघांची वेगळी खाती. ३१ मार्चच्या आत प्रत्येकी १० लाख. १ एप्रिलला बँक हिशोबासाठी बंद, म्हणून २ तारखेनंतर नव्या वर्षाचे पुन्हा प्रत्येकी १० लाख. चाळीस लाख गेले आणि टीसीएस शून्य. उरलेल्या एफडी एनआरओत जातील, त्या नंतर सावकाश, सीएच्या दाखल्याने. "आणि बँकेला पत्ता बदललेला कधी कळवू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "तिकडचं सिमकार्ड घेशील ना, त्याच आठवड्यात."