आयसी५० आणि केआय: युनिट एकच, अर्थ दोन

आयसी५० आणि केआय हे औषध आपल्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीतल्या ज्या प्रथिनाला ते चिकटतं त्याला, किती घट्ट धरतं ते सांगणारे आकडे. दोन्ही नॅनोमोलर या तीव्रतेच्या एककात येतात, दोन्ही एकाच कर्व्हमधून निघतात, आणि दोन्ही जितके लहान तितकं औषध रिसेप्टरला घट्ट धरतं. त्यामुळे तक्त्यांत यांची सर्रास सरमिसळ होते.

मुळात प्रयोग काय असतो ते पाहू. १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सला कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) जोडलेलं नॅलोक्सोन हे औषध वापरून ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे मॉर्फिनसारखी औषधं जिथे चिकटतात तो, दाखवून दिला. त्याच धर्तीवर आजही काम चालतं. मेंदूचा तुकडा थंड बफरमध्ये वाटायचा. प्रत्येक नळीत किरणोत्सारी लिगँड (रिसेप्टरला चिकटणारा रेणू) सारखंच घालायचं, आपलं औषध मात्र चढत्या प्रमाणात. समतोल आला की काचतंतूंच्या फिल्टरमधून ओढून बर्फगार बफरनं धुवायचं आणि फिल्टरवर उरलेली किरणोत्सारिता मोजायची. एका नळीत बिनकिरणोत्सारी औषधाचा भरपूर डोस असतो. तरीही त्यात जे चिकटून राहतं ते रिसेप्टरवरचं नव्हे, म्हणून सगळ्यांतून वजा करायचं.

उरलेलं बंधन निम्म्यावर आणायला औषधाची जी तीव्रता लागली, ती आयसी५०. लोकलच्या डब्यात आधीच जितकी माणसं जास्त, तितकी निम्मी आसनं बळकावायला आपली माणसं जास्त घुसवावी लागतात. म्हणजे हा आकडा नळीत लिगँड किती घातलं त्यावरही हलतो. केआय मात्र औषध आणि रिसेप्टर या जोडीचा: लिगँड नसतंच, तर निम्मे रिसेप्टर व्यापायला औषधाची किती तीव्रता लागली असती, ते तो सांगतो. एकावरून दुसऱ्यावर जायचं सूत्र चेंग आणि प्रूसॉफ यांनी १९७३ मध्येच, पण एन्झाइमसाठी मांडलं होतं:

केआय = आयसी५० ÷ (१ + लिगँड ÷ केडी)

केडी हा किरणोत्सारी लिगँडचा स्वतःचा आकडा: एकट्यानं निम्मे रिसेप्टर व्यापायला त्याची जी तीव्रता लागते ती. समजा तो १ नॅनोमोलर आहे आणि औषधाचा केआय ३. लिगँड १ नॅनोमोलर घातलं तर आयसी५० येईल ६. ९ घातलं तर ३०. औषध तेच, रिसेप्टर तोच. दोन प्रयोगशाळांचे आयसी५० शेजारी मांडून ‘पाचपट फरक’ म्हणणाऱ्यांची गल्लत इथेच होते.

मात्र सगळी औषधं एकाच बॅचमध्ये, एकाच लिगँडवर तपासली असतील आणि फक्त क्रमवारी हवी असेल, तर आयसी५० पुरतो. सगळ्यांना भागणारी संख्या एकच असते.

सूत्र चुकतं ते बहुधा गृहीतकांमुळे. त्यातलं ‘लिगँड’ म्हणजे द्रावात मोकळं असलेलं. घातलेल्यापैकी १० टक्क्यांहून जास्त वाटलेल्या मेंदूतल्या पेशीपटलांना चिकटलं, तर मोकळं लिगँड कमी उरतं आणि हिशेब फसतो; नळीतलं प्रथिन कमी करा किंवा द्रावाचं आकारमान वाढवा. औषध सावकाश बसणारं असेल तर तासाभरात समतोल येत नाही, आयसी५० फुगतो आणि औषध उगाच दुबळं दिसतं. तीन तासांनी पुन्हा मोजून आकडा घसरला, तर पहिला टाकून द्या. धुण्यातही घाई लागते: केडी १० नॅनोमोलरच्या आसपास असेल आणि लिगँड नेहमीच्या वेगानं जोडलं जात असेल, तर गाळणं-धुणं १० सेकंदांत उरकावं, नाहीतर जोडलेलं सुटायला लागतं.

आता केआयची बाजूही तपासू, कारण त्याला ‘स्थिरांक’ म्हणून फार डोक्यावर घेतलं जातं. पर्ट आणि स्नायडर यांच्याच कामात दिसलं की बफरमध्ये सोडियम घातल्यावर ट्रिटियमवालं नॅलोक्सोन हटवायला मॉर्फिन कितीतरी पट जास्त लागतं, पण नॅलोक्सोनसारख्या रोधकाला (रिसेप्टरवर बसून त्याला नुसतं अडवणाऱ्या औषधाला) फारसा फरक पडत नाही. ॲगोनिस्ट, म्हणजे मॉर्फिनसारखं रिसेप्टरला चालू करणारं औषध, रिसेप्टरच्या ज्या अवस्थेला घट्ट धरतं, ती सोडियममुळे कमी होते. म्हणून मॉर्फिनच्या केआयबरोबर बफरमधलं सोडियम लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्यावर मी तरी विसंबणार नाही. अशा कर्व्हचा उतार १ पेक्षा कमी, म्हणजे पसरट आला, तर दोन अवस्था मिसळल्याची शक्यता धरा आणि एका जागेचं सूत्र तिथे लावू नका.

प्रयोग तीनदा केलात तर सरासरी केआयची नको, त्याच्या लॉगची काढा. १ आणि १०० नॅनोमोलरची साधी सरासरी ५०.५ येते, लॉगवरची १०.