भिंतीत चार्जर, खिशात पॉवरबँक

चार्जर वेगळा, पॉवरबँक वेगळी, तिला चार्ज करायची केबल अजून वेगळी आणि घरातून निघताना नेमकी पॉवरबँकच रिकामी, हे बहुतेकांच्या ओळखीचं आहे. म्हणून टू-इन-वन डब्या आल्या. भिंतीत खोचली की चार्जर, काढून खिशात टाकली की पॉवरबँक. अँकर कंपनीची पॉवरकोअर फ्यूजन ही त्यातली गाजलेली, ५,००० एमएएचची, मागे घडी होणाऱ्या पिना. आयडिया झकास आहे, पण आत जे दोघं एकत्र नांदतात त्यांचं आपसात फारसं पटत नाही.

आधी चार्जरचं बघू. आपल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, सेकंदाला ५० आवर्तनं. जुने अडॅप्टर याच ५० हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मर चालवायचे, म्हणून ते दगडासारखे जड असायचे. आताचा चार्जर आधी एसीचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज करतो (साधारण ३२५ व्होल्ट) आणि मग तो डीसी सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद करत इवल्याशा ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतो. टाकीतलं पाणी बादलीने ५० खेपांत काढा नाहीतर पेल्याने हजारो खेपांत, पाणी तेवढंच निघतं, भांडं मात्र छोटं पुरतं. पण प्रत्येक चालू-बंदला थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, आणि इथे चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये गॅन म्हणजे गॅलियम नायट्राइड कामाला येतं, ते नेहमीच्या सिलिकॉनपेक्षा झटपट उघडझाप करतं आणि तापतं कमी. म्हणून ६५ वॅटचा चार्जर मुठीत मावायला लागला.

कमी तापतं म्हणजे तापतच नाही असं नाही हां. ९० टक्के कार्यक्षमता धरली तरी ६५ वॅट देताना सातेक वॅट उष्णता त्या बंद प्लास्टिकच्या डबीतच तयार होते, आणि त्याला चिकटून बसलीये लिथियम-आयन बॅटरी, जिला उष्णतेचं वावडं. ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरी जवळपास दुप्पट वेगाने म्हातारी होते, आतल्या ग्रॅफाइटवर थर चढत जातो, त्यात लिथियम अडकतं आणि ते परत कामाला येत नाही. आणि बॅटरी फुल्ल असताना गरम राहिली तर अजूनच वाईट. त्यामुळे ही डबी रोजचा चार्जर म्हणून बारा महिने भिंतीत खोचून ठेवणं म्हणजे पैसे देऊन बॅटरी मारणं, असं माझं स्पष्ट मत आहे. साधारणपणे असे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि नागपूर-चंद्रपूरचा मे महिना तर आपल्याला माहितीच आहे. आतला तापमान सेन्सर अशा वेळी चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो, तो बिघाड नाही, तो आपलं काम करतोय.

याच कारणाने खोक्यावर दोन वेगवेगळे आकडे असतात. अँकरच्या ७३३ मॉडेलला भिंतीवर ६५ वॅट आणि बॅटरीवर फक्त ३०. कारण त्यातली बॅटरी १०,००० एमएएचची, सेलच्या ३.७ व्होल्टने गुणलं की ३७ वॅट-अवर (३७ वॅट तासभर पुरतील एवढी वीज), त्यातून ६५ वॅट ओढले तर अर्ध्या-पाऊण तासात खेळ खल्लास आणि डबी तापणार ती वेगळीच. लॅपटॉपसाठी घेणाऱ्यांनी हा दुसरा आकडा आधी बघायचा. आणि १०,००० एमएएच आहे म्हणून ५,०००चा फोन दोनदा चार्ज होईल हेही विसरा. तो आकडा सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो, फोनला जाताना व्होल्टेज वाढवावं लागतं, त्यात गळती, फोनच्या आत अजून गळती, हातात पडतं दीड वेळचं चार्जिंग.

एक गंमत करून बघा. डबी भिंतीत असताना फोन लावा आणि फोनच्या धातूच्या कडेवरून बोट हलकंच फिरवा, कधीकधी खरखरीत झिणझिण्या जाणवतात. तीच डबी भिंतीतून काढून तोच फोन लावला की गायब. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं आणि आतल्या एका छोट्या कपॅसिटरमधून अगदी किंचित करंट फोनपर्यंत झिरपतो, चांगल्या चार्जरमध्ये तो धोक्याच्या खूप खाली असतो. स्वस्तातल्या बिननावाच्या मालाची खात्री मात्र मी देणार नाही.

आपल्याकडे खरी अडचण पिनांची आहे. अमेरिकन चपट्या पिना आत दुमडतात, पण आपल्या बोर्डात बसवायला वर कन्व्हर्टर लागतो, मग पाव किलोच्या वरचं वजन लटकायला लागतं आणि सॉकेट ढिलं असेल तर ठिणग्या. युरोपियन गोल पिना आपल्या सॉकेटसाठी जरा बारीकच पडतात. ट्रेनमध्ये मात्र अशी डबी मस्त, डब्यातल्या पॉइंटला ११० व्होल्ट असले तरी चालतं, कारण चार्जर १०० ते २४० व्होल्ट घेतो (खोक्यावर बघून घ्या), आणि रात्री ११ ते पहाटे ५ पॉइंट बंद ठेवले तरी बॅटरी भरलेली.

विमानात जाताना मात्र ती चुकून चार्जरच्या पाऊचसकट चेक-इन बॅगेत जाते, आणि तिथेच लोक अडकतात. पिना असल्या तरी ती पॉवरबँकच धरली जाते, त्यामुळे केबिन बॅगेतच हवी, १०० वॅट-अवरच्या आत.