नेमरुत पर्वत : राजाने स्वतःच आखून दिलेली यात्रा

तुर्कस्तानच्या आग्नेय भागातील आदियमान प्रांतात, समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरहून अधिक उंचीवर असलेल्या नेमरुत पर्वताच्या माथ्यावर आज लोक जातात ते मुख्यतः सूर्योदय किंवा सूर्यास्त पाहायला. मात्र या शिखरावर लोकांनी यावे, कधी यावे आणि आल्यावर त्यांचे आदरातिथ्य कसे व्हावे, हे कोमाजीन राज्याचा राजा पहिला अँटायोकस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातच ठरवून दिले होते.

कोमाजीन हे रोम आणि पार्थिया (तेव्हाचे इराणी साम्राज्य) या दोन सत्तांमधले छोटे राज्य होते. अँटायोकस पित्याकडून इराणी सम्राट दारयवहूशी आणि मातेकडून अलेक्झांडरशी नाते सांगत असे, आणि हा दुहेरी दावा त्याने शिखरावर दगडात उतरवला. झ्यूस-ओरोमास्देस, अपोलो-मिथ्रास, हेराक्लिस-आर्ताग्नेस अशा ग्रीक-इराणी जोडनावांच्या देवांच्या आठ-नऊ मीटर उंचीच्या बैठ्या मूर्ती त्याने पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही चौथऱ्यांवर बसवल्या आणि त्याच रांगेत स्वतःलाही बसवले. संकोच हा त्याचा गुण नसावा.

सिंहासनांच्या पाठीवर कोरलेला प्रदीर्घ ग्रीक लेख हा या स्थळाचा खरा गाभा आहे. मॅसेडोनियन पंचांगातील ‘लोस’ महिन्याची दहावी तिथी राज्यारोहणाची आणि ‘आवदनैओस’ महिन्याची सोळावी जन्माची, म्हणून या दोन दिवशी वार्षिक उत्सव व्हावा आणि दर महिन्यालाही त्या तिथी पाळाव्यात; पुजाऱ्याने इराणी वेष घालावा; धूप, नैवेद्य, मांस आणि मद्य यांत हात आखडता घेऊ नये, असे त्यात बजावले आहे. आपल्याकडे देवस्थानाला गावे इनाम लावून देत, तशीच खर्चाची तरतूद येथेही आहे, आणि वादकांची सेवा वंशपरंपरेने चालावी असा आदेशही आहे. आवदनैओस मात्र ऐन हिवाळ्यातला महिना. बर्फाने झाकलेल्या माथ्यावर तो जन्मोत्सव कसा साजरा होत असेल, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

इसवी सन ७२ मध्ये रोमने कोमाजीन खालसा केले आणि पुढे हे स्थळ विद्वानांच्या नजरेआड गेले. १८८१ मध्ये कार्ल झेस्टर या जर्मन अभियंत्याने त्याची वार्ता बर्लिनला कळवली. अवशेष असिरियन असावेत असा त्याचा समज होता; पुढच्याच वर्षी जर्मन पुरातत्त्वज्ञ ओटो पुखश्टाइन वर चढला आणि ग्रीक लेख वाचल्यावर निर्मात्याचे नाव उघड झाले. १८८३ मध्ये ऑटोमन पुरातत्त्वज्ञ ओस्मान हमदी बे यांच्या तुकडीनेही येथे काम केले.

आपला देह येथे अनंतकाळ विसावेल, असे लेखात म्हटले आहे. ती कबर मात्र अद्याप सापडलेली नाही. मूर्तींमागचे सुमारे ५० मीटर उंचीचे टेकाड फोडलेल्या चुनखडीच्या सुट्या तुकड्यांचे असल्याने, खणावे तसे वरचे तुकडे घसरून खाली येतात. १९५० च्या दशकात अमेरिकन पुरातत्त्वज्ञ थेरेसा गोएल यांनी येथे मोठे उत्खनन केले, तरी दफनकक्षाचा मार्ग त्यांनाही मिळाला नाही. १९८७ मध्ये युनेस्कोने नेमरुतला जागतिक वारसा यादीत घेतले. मूर्तींची धडावेगळी झालेली, पुरुषभर उंचीची मस्तके आता चौथऱ्यांवर जमिनीलगत ठेवलेली आहेत, आणि दर्शनाचा हंगाम राजाज्ञेऐवजी बर्फ वितळण्यावर अवलंबून असतो.